शिक्षा लागली त्या दिवशी

डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की पोलीस बंदोबस्ताला जातात आणि जेलमधून कैदी कोर्टात आणायला माणसं कमी पडतात. त्या दिवशीही तेच झालं. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चे अडवलेले, सिव्हिल लाइन्समधले रस्ते बंद, आणि माझ्या अशिलाला घेऊन वर्धा रोडच्या मध्यवर्ती कारागृहातून निघालेली गाडी दुपारचे तीन वाजले तरी पोचलेली नव्हती. निकाल त्याच्यासमोर वाचायचा होता, म्हणून सगळे थांबून होतो.

केस विधी सेवा प्राधिकरणाकडून माझ्याकडे आली होती. खुनाचा आरोप, भारतीय दंड संहितेचं जुनं कलम 302. वकील लावायची ऐपत नसलेल्या आरोपीला सत्र खटल्यात सरकारी खर्चानं वकील मिळतो, तशी मी त्याची वकील. त्याची ओळख पटेल असं मी काही लिहीत नाही. एवढंच सांगते की खटला चालला तेवढ्या काळात त्याला भेटायला घरचं कोणी आलं नाही.

जेलमधल्या मुलाखतीत त्यानं मला एक गोष्ट सांगितली होती. ती मी इथेही सांगणार नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 132, म्हणजे जुन्या कायद्यातलं 126, वकिलाला ती मुभा देत नाही. खटला संपला, वकीलपत्र संपलं, तरी हे बंधन संपत नाही. कॉलेजात हे कलम पाठ करताना ते अशिलाच्या रक्षणासाठी आहे एवढंच कळलं होतं. वकिलाला ते किती एकटं पाडतं, हे काम सुरू केल्यावर समजलं.

गाडी साडेतीनच्या पुढे आली. न्यायाधीशांनी दोषी ठरवल्याचं सांगितलं आणि शिक्षेबद्दल काय म्हणायचं आहे ते विचारलं. मी उभी राहिले. खुनाला जन्मठेपेहून कमी शिक्षा नाही, त्यामुळे मागण्यासारखं फारसं नसतं. तरी त्याचं वय, त्याची गरिबी, आधी एकही गुन्हा नाही, हे सगळं मांडलं. जन्मठेप झाली. दोषी ठरलेल्या आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि मोफत मिळते. ती घेतल्याबद्दल त्यानं रजिस्टरवर अंगठा दिला. अंगठ्याची शाई शर्टाला पुसत, तो गठ्ठा माझ्यापुढे धरून म्हणाला, "ताई, यात काय लिहिलं हाय?"

पोलीस घाई करत होते. अपिलाला साठ दिवस आहेत, हायकोर्टातही वकील मिळेल, एवढं मी त्याला दोनदा सांगितलं. बहिणीला फोन करा म्हणाला. कोर्टाच्या व्हरांड्यातूनच केला. तिनं सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

बार रूममध्ये नेहमीची गर्दी होती. "काय झालं मॅडम?" "लागली." "असं का. बरं, माझ्या मॅटरची उद्याची तारीख..." यात कुणाचा दोष नाही. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचा त्याचा बोर्ड, म्हणजे दिवसाच्या केसेसची यादी, असतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, वकिलाला कसला एकटेपणा, दिवसभर माणसांतच तर असतो. पण त्या माणसांतला एक जण आपला विरोधी वकील, दुसरा उद्या होणार, आणि तिसऱ्यापुढे आपण खचलोय हे दिसू द्यायचं नाही, कारण तो पुढची केस पाठवणारा असतो. घरी आईचा फोन आला की तिचा प्रश्न ठरलेला: "त्यानं खरंच केलं होतं का गं?" भाऊही तेच विचारतो, मैत्रिणीही तेच. उत्तर देता येत नाही, म्हणून हळूहळू मी फोनच कमी केले होते. झोप उडाली होती. एका रात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करून मराठीतून बोलले. कुणाचं नाव, कुठलीही हकीकत न सांगता फक्त माझ्या झोपेबद्दल. त्याचा उपयोग झाला. ज्यांना गरज आहे त्यांनी करावा, म्हणून लिहिलं.

निकालाच्या संध्याकाळी मी ऑफिसात दिवा न लावताच बसले होते. मुन्शीजी, म्हणजे माझे कारकून, आले. साठीच्या पुढचे, मी माझ्या सीनिअरांकडे होते तेव्हापासूनचे.

"काहून बसून राहिले मॅडम अंधारात? जेवले का नाही?"

मी काही बोलले नाही. त्यांनी दिवा लावला, समोरच्या स्टुलावर बसले, फाइलची दोरी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, "मलेबी काल झोप नाही आली जी."

तेव्हा मला लख्खकन आठवलं. मुलाखतीच्या नोंदी यांनीच टाइप केल्या होत्या. त्यानं काय सांगितलं ते यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि ज्या कलमानं माझं तोंड बांधलं होतं, त्याच कलमाचं शेवटचं पोटकलम वकिलाच्या कारकुनालाही तेच बंधन घालतं. म्हणजे हे ओझं आम्हा दोघांचं होतं, आणि आपसात बोलायला कायद्याची आडकाठी नव्हती. मी बोलले. रडलेही. मुन्शीजींनी समजूत वगैरे घातली नाही. ते मधूनमधून "हो ना" म्हणत राहिले, आणि एका जागी म्हणाले, "त्या साक्षीदाराले तुम्ही बराबर पकडलं होतं, मी मागं बसून होतो." तेवढं एक वाक्य मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

आता मोठा निकाल लागला की आम्ही दोघं अर्धा तास बसतोच. विधी सेवेच्या पॅनेलवरच्या दोन वकील मैत्रिणींशीही ठरवलं आहे. अशिलाबद्दल एक शब्द नाही, पण आपलं काय चाललंय ते सांगायचं. ज्युनिअर पोरींना तर मी मुद्दाम विचारते, कारण त्या गावाहून येतात, खोली घेऊन राहतात आणि पगार नसल्यासारखाच असतो.

अपिलासाठी हायकोर्टाच्या विधी सेवा उपसमितीनं दुसरे वकील नेमले. फाइल घेऊन मुन्शीजी आणि मी त्यांच्याकडे गेलो, अशिलानं जे सांगितलं होतं तेही त्यांच्या कानावर घातलं. आता तेही त्याचेच वकील. दोन दिवसांनी रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. "मॅडम, सगळं वाचलं मी. झोपायच्या आधी जरा बोलता का?"

म्हटलं, बोला ना. आणि आम्ही बराच वेळ बोललो.