पाऊणकी आणि अष्टमीचे पाणी

मागील नोंदीत मांडलेला पेच अखेर सुटला. अष्टमी ओलांडताना रत्नागिरी जिल्ह्यातील पूर्णगडच्या खाडीतील भरती पाऊणकीला, म्हणजे तिथीवरून भरतीची वेळ काढण्याच्या जुन्या हिशेबाला, का जुमानत नाही, याचे कारण आमच्या थोरल्या मुलीने ट्रेसिंग पेपरवर काढलेल्या दोन वक्ररेषांमधून शोधून काढले. त्या दिवशी ठरवलेला व्याकरणाचा धडा आम्ही आनंदाने बाजूला ठेवला.

भरती मोजण्याची जेटीवरची मांडणी पूर्वीचीच आहे: चार इंची पीव्हीसी पाइप, लाटांचे हेलकावे आत येऊ नयेत म्हणून तळाशी ठेवलेले लहान छिद्र, आत थर्मोकोलचा तरंगक आणि त्यावर उभी बांबूची काडी. काडीवरील खुणांसाठी मार्कर वापरू नये, असे आता ठामपणे सांगते. पक्की म्हणून विकली जाणारी शाईदेखील खारे पाणी आणि ऊन यांपुढे टिकत नाही, तर तापवलेल्या खिळ्याने डागलेली खूण जशीच्या तशी राहते. प्लास्टिकचे केबल टायही उन्हाने ठिसूळ होऊन तुटतात. बंदरावर मिळणारी जाळ्याची नायलॉन दोरी त्यांच्यापेक्षा स्वस्त आणि कितीतरी भरवशाची आहे.

भरतीची नेमकी वेळ टिपण्याची आमच्या धाकट्या मुलाची पद्धत आता चांगलीच पक्की झाली आहे. माथ्यावर पाणी बराच वेळ स्थिर भासते, त्यामुळे पूर्ण भरती कोणत्या मिनिटाला झाली हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून तो माथ्याखालची एक खूण निवडतो, चढते पाणी तिथे पोहोचल्याची वेळ लिहितो, उतरते पाणी त्याच खुणेवर आल्याची वेळ लिहितो आणि दोहोंचा मध्य काढतो. खाडीत चढ आणि उतार यांचा वेग सारखा नसल्याने खूण माथ्याच्या जवळचीच घ्यावी लागते, हेही त्याने स्वतःच ताडले. तासांची आणि मिनिटांची बेरीज-वजाबाकी त्याला वेगळी शिकवावी लागली नाही.

आता मुख्य विषय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पंचांगातील तिथी कधी वीस तासांत संपते, तर कधी सव्वीस तासांपर्यंत लांबते, म्हणून आम्ही सूर्योदयाची तिथी न घेता प्रत्यक्ष भरतीच्या वेळी चालू असलेली तिथी घेतो. तरीही आलेख जुळत नव्हता. त्यातील पहिली गाठ थोरलीने केवळ भागाकाराने सोडवली. अमावास्या ते अमावास्या ३० तिथी होतात आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ २४ तास पुढे सरकून मूळ जागी येते, म्हणजे तिथीमागे सरासरी ४८ मिनिटे. पाऊणकी मात्र ४५ धरते, आणि पंधरवड्यात साठलेली ४५ मिनिटांची तूट पौर्णिमेच्या सव्वाअकरावरून प्रतिपदेच्या पाऊण वाजता एकदम दीड तासाची उडी घेऊन भरून काढते. तोंडी हिशेबासाठी ही तडजोड फार सुरेख आहे. होडी बाहेर काढणाऱ्याला मिनिटांशी कर्तव्य नसते.

परंतु ४८ चा पाढा लावूनही आलेखातला अष्टमीजवळचा फुगवटा गेला नाही. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरती रोज पस्तीस-चाळीस मिनिटांनीच पुढे जात होती, तर भांगात, म्हणजे अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते-उतरते त्या दिवसांत, हेच अंतर तासावर, कधी सव्वा तासावर जात होते. प्रथम संशय पाइपवर आला, कारण तळाच्या छिद्रात चिखल बसला की आतले पाणी बाहेरच्या पाण्यामागे रेंगाळते. पहाटेच्या निवांत पाण्यात बाहेर उभी पट्टी धरून पाहिले, तेव्हा दोन्हीकडची पातळी सारखी भरली. शिवाय थोरलीचा युक्तिवाद मला अधिक पटला: दोष छिद्राचा असता तर पाणी वेगाने चढते त्या उधाणात तो मोठा दिसला असता, आणि आमचा फरक तर संथ पाण्याच्या भांगात सर्वांत मोठा होता. शेजारच्या तांडेलकाकांना विचारले असता, भांगात हिशेब न करता पाणी पाहूनच निघावे, असे त्यांनी शांतपणे सांगितले. म्हणजे फुगवटा खरा होता.

त्यानंतर तिने चंद्राची लाट एका कागदावर १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने आणि सूर्याची लहान लाट दुसऱ्या कागदावर बरोबर १२ तासांच्या अंतराने काढली, आणि दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले. सूर्याची लाट घड्याळाला बांधलेली असते. उधाणात दोन्ही शिखरे एकत्र येतात, तेव्हा ती चंद्राच्या भरतीला धरून ठेवते आणि भरती कमी सरकते. पुढे अष्टमीपर्यंत ती भरतीला अलीकडे खेचते. अष्टमीनंतर मात्र सूर्याचे पुढचे शिखर तिला पलीकडे खेचू लागते, आणि अलीकडून पलीकडे जाण्याचे सगळे अंतर त्या दोन-तीन दिवसांतच कापावे लागते. बेरजेची वक्ररेषा वहीतल्या बिंदूंवरून जवळजवळ अचूक गेली, तेव्हा तिने धाकट्याला ओरडून बोलावले.

यापुढे दुसरा पाइप खाडीत आत, मुचकुंदी नदीच्या वरच्या अंगाला बसवून भरती तिथे किती उशिरा पोहोचते ते मोजायचे, असे ठरले होते. मात्र हे लिहीत असतानाच दुसरी कल्पना अधिक मोह घालू लागली आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी १८७२ च्या सुमारास अशाच लाटांची बेरीज कप्प्या आणि दोरी यांनी करणारे यंत्र बनवले होते. आम्हाला दोनच चाके पुरतील. एका चांद्रमासात सूर्याचे अर्धे दिवस सुमारे ५९ आणि चंद्राच्या भरत्या सुमारे ५७ होतात, तेव्हा सूर्याच्या चाकाला ५७ दाते आणि चंद्राच्या चाकाला ५९ दाते ठेवून ती एकमेकांत अडकवली की वेगांचे प्रमाण आपोआप साधते. सूर्याची भुजा चंद्राच्या भुजेच्या दोन-पंचमांश धरून सुरुवात करू आणि पेन्सिलीची रेघ वहीशी जुळेपर्यंत ती कमी-जास्त करू. एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या) परीक्षेसाठी थोरलीला वर्तुळ आणि त्रिकोणमिती करायचीच आहे, ती याच यंत्राच्या फळीवर होईल. दुसरा पाइप त्यामुळे थोडा थांबेल.

अडचण दात्यांची आहे. प्लायवूडच्या कडा बारीक दाते कापताना उडतात, आणि दोरीने फिरवलेली गुळगुळीत चाके घसरली तर ५७ आणि ५९ यांचा सगळा उपयोगच संपतो. आपल्यापैकी कोणी अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यातून अशी चाके कापली असतील, तर पत्र्याची जाडी आणि दात्यांमधील अंतर किती ठेवले ते अवश्य कळवावे.