जांगडावर गेलेल्या सात पैठण्या

येवल्यात वकिली करायची म्हणजे बांधाची भांडणं आणि पैठणीचे अडकलेले पैसे, या दोन्हींची सवय करून घ्यावी लागते. बांधाच्या भांडणात निदान सातबारा असतो, मोजणीचा नकाशा असतो. पैठणीत बहुतेकदा काहीच नसतं. माल जांगडावर जातो. विणकराने दुकानदाराला साड्या द्यायच्या, भाव आधी ठरलेला, विकली गेली तर पैसे, नाही तर साडी परत. सगळं तोंडी. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि बऱ्याचदा नीट पारही पडतं. माझ्या टेबलावर येतात ती बिघडलेली.

हे विणकर काका आले तेव्हा आषाढी एकादशी होऊन गेली होती. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास त्यांनी पुण्यातल्या एका दुकानदाराला सात पैठण्या दिल्या होत्या. चार साध्या, बुट्ट्यांच्या, प्रत्येकी १६,०००. दोन मोठ्या पदराच्या, ३८,००० च्या. आणि एक ब्रोकेड, ८५,०००. एकूण २,२५,०००. लग्नसराई संपली की हिशोब, अशी बोली. लग्नसराई संपली. आले होते फक्त १०,०००, तेही मार्चमध्ये. बाकी 'पुढच्या सोमवारी बसू', 'सीए गावाला गेलाय', 'काका, तुमचे पैसे कुठे पळून जातायत का?'

पैसे पळत नव्हते, पण काकांचं रेशीम बंगळुरूचं आणि जर सुरतेची, दोन्ही इथल्या व्यापाऱ्याकडून उधारीवर उचललेली. तो काही पुढच्या सोमवारपर्यंत थांबणारा नव्हता. मागावर बसणाऱ्या कारागिराची मजुरीही दर आठवड्याची.

पोलिसांकडे ते आधीच जाऊन आले होते. 'दिवाणी बाब आहे, कोर्टात जा,' असं ऐकून परतले होते. विश्वासाने दिलेला माल दाबून ठेवला तर फौजदारी गुन्हाही होऊ शकतो, त्यामुळे ठाण्यातलं ते उत्तर पूर्ण बरोबर नव्हतं. तरी मी काकांना पुन्हा तिकडे पाठवलं नाही. गुन्हा दाखल झाला, साड्या जप्त झाल्या, तर त्या मुद्देमालाच्या खोलीत जाऊन पडणार. रेशमी साडी तिथे किती दिवस टिकेल, हे ती खोली पाहिलेल्या माणसाने सांगायला नको.

"तुमच्याकडे लिहून काय आहे?" मी विचारलं.

"काहीच नाही ताई. माणूस चांगला वाटला."

सोबत मुलगा होता. त्याच्या हातातल्या, काच तडकलेल्या फोनमध्ये मात्र सगळं होतं. माल नेण्याआधी त्याने प्रत्येक साडीचा फोटो दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर पाठवला होता आणि प्रत्येक फोटोखाली भाव. दोन दिवसांनी उत्तर आलेलं: 'सातही मिळाल्या. लग्नसराईत काढून टाकू.' बाप म्हणतोय काहीच नाही आणि मुलाच्या खिशात मालाची पोच, भाव आणि मुदत, तिन्ही! तो दिवाळीच्या ऑफरमध्ये फोन बदलणार होता. त्याला सांगितलं, निकाल लागेपर्यंत हा फोन बदलायचा नाही, विकायचा नाही, त्यातलं काही पुसायचं नाही. नुसत्या स्क्रीनशॉटवर कोर्टात भागत नाही, सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि समोरच्याने हरकत घेतली तर मूळ फोन हाताशी असलेला बरा.

नोटिशीत मी पैसे मागितले नाहीत. म्हणजे नुसते पैसे मागितले नाहीत. आधी हिशोब मागितला. कोणती साडी कधी विकली ते सांगा, विकलेल्यांची ठरलेली रक्कम द्या, न विकलेल्या परत करा. नुसते पैसे मागितले की समोरचा 'देतो हो' म्हणून मोकळा होतो. हिशोब मागितला की त्याला एकेका साडीबद्दल काहीतरी बोलावं लागतं, आणि बोलला की अडकतो.

तसंच झालं. त्यांच्या वकिलांचं उत्तर आलं: जांगड वगैरे काही नव्हतं, आमच्या अशिलाने साड्या रोखीने विकत घेतल्या, दोन खराब निघाल्या त्या परत केल्या. काकांना ते वाचून दाखवलं तर ते खुर्चीतून उठलेच. मला मात्र बरं वाटलं. पैसे दिले असं जो म्हणतो, त्यानेच ते दिल्याचं सिद्ध करायचं असतं. रोख दिले तर पावती कुठे, वहीत नोंद कुठे? शिवाय एका दिवसात एकाला दहा हजारांवर रोख दिले तर धंद्याचा खर्च म्हणून आयकरात ते धरत नाहीत, हे कुठलाही सीए त्यांना सांगेल. सव्वादोन लाखांची रोख खरेदी दाखवायला ते दुकानदार तयार होतील, असं मला वाटत नव्हतं. दुसऱ्या पत्रात एवढंच विचारलं आणि लिहिलं की अमुक तारखेला आम्ही दुकानात येतो, साड्या दाखवा.

दुकान भरलेलं होतं. गादीवर एक लग्नघर बसलेलं, आजूबाजूला साड्यांचा ढीग. मालक हसून म्हणाले, "या ना मॅडम, पण तुमच्या साड्या आता कुठल्या ओळखायच्या? येवल्याचा माल तर सगळ्यांकडेच असतो."

काकांनी चपला काढल्या, सरळ गादीवर गेले आणि मागच्या कपाटातल्या घड्यांकडे बोट दाखवून एक ब्रोकेड काढायला लावली. उलगडली, पदर उलटा केला. हातमागाच्या पैठणीचा पदर मागून जवळजवळ पुढच्यासारखाच दिसतो, दोरे लोंबत नाहीत. ते त्यांनी कुणाला सांगितलंही नाही. पदराच्या मध्याच्या खाली, मोराच्या पिसाऱ्याजवळ बोट ठेवलं. तिथे दोन बोटं रुंदीचा पट्टा किंचित तांबूस होता. "इथे माझी जर संपली. दुसरा लॉट आणला तो जरा लालसर निघाला. उसवून पुन्हा विणायला आठवडा गेला असता, म्हणून तसंच पुढे नेलं." मुलाने तडकलेला फोन पुढे केला. नोव्हेंबरच्या फोटोत तोच पट्टा, त्याच जागी.

लग्नघरातल्या एक आत्या पुढे वाकल्या. "काका, ही तुम्ही विणलीत? मग दुकानदाराशी भांडण कसलं?"

माझ्या दोन पत्रांनी जे झालं नव्हतं ते त्या प्रश्नाने झालं. मालक आम्हाला लगबगीने वरच्या मजल्यावर घेऊन गेले आणि चहा आला.

वर हिशोब निघाला. तीन साड्या दुकानातच होत्या, ती ब्रोकेड, एक मोठ्या पदराची आणि एक बुट्ट्यांची. म्हणजे १,३९,००० चा माल. उरलेल्या चार विकल्या होत्या. गिऱ्हाइकाने दुकानातून सरळ मनाने विकत घेतलेली साडी परत मागता येत नाही, तिचे पैसे दुकानदाराकडूनच घ्यायचे. ते ८६,०००, वजा आलेले १०,०००. राहिले ७६,०००.

मालकांनी चेकबुक काढलं. मी म्हटलं, चेक नंतर, आधी कागद. हिशोब त्यांच्याच हाताने लिहून घेतला: इतक्या साड्या विक्रीसाठी आल्या, इतक्या परत केल्या, इतके देणं बाकी, खाली सही आणि तारीख. वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. मुदतीत सहीनिशी लेखी कबुली मिळाली की ती तीन वर्षं तिथून पुन्हा मोजायची. २६,००० तिथल्या तिथे काकांच्या मुलाच्या फोनवर आले. उरलेल्याचे पंचवीस-पंचवीस हजारांचे दोन चेक.

पहिला वटला. दुसरा परत आला, खात्यात पैसे नाहीत म्हणून. बँकेचा मेमो हातात आल्यापासून तीस दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवस समोरच्याला असतात. नोटीस गेली, ते पंधरा दिवस सरायच्या आत पैसे खात्यावर जमा झाले. व्याज मिळालं नाही. मागितलंही नाही; तेवढ्यासाठी दावा लावायची काकांची तयारी नव्हती आणि मीही आग्रह धरला नाही.

ब्रोकेड परत आली तेव्हा घडीवर पांढुरकी रेघ उमटली होती. ती पुढे ६८,००० ला गेली. सतरा हजारांची ती तूट कुठल्याच हिशोबात बसत नाही.

जांगड बंद करा, असं मी काकांना सांगितलं नाही. "मग माल ठेवू कुठे?" हे त्यांचं उत्तर मला ठाऊक होतं. त्याऐवजी एक चिठ्ठी करून दिली: साडीचं वर्णन, भाव, 'विक्रीसाठी दिली, मालकी विणकराची', परत करायची तारीख, आणि साडी घेणाऱ्याची सही. ती आता त्यांच्या गल्लीत झेरॉक्स होऊन फिरते. मध्ये एक हातात आली तर तळाला कुणीतरी 'चूकभूल देणेघेणे' छापून घेतलेलं. तेवढं खोडा म्हणून निरोप पाठवला. अजून कुणी खोडलेलं नाही.