अडणारं वाक्य

सोमवार

यंदा एकांकिकेत मला भूमिका नाही. ऑडिशनला नाव आलं नाही, प्रॉम्प्टिंग आलं, म्हणजे नट अडला की हळूच वाक्य सांगायचं काम. पहिल्या दिवशी थोडं वाईट वाटलं, पण आता संहितेची सर्वात फाटकी प्रत माझी आहे आणि त्याचाही एक रुबाब असतो.

पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी तोंडावर आली आहे. १९६३ पासून चाललेली ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. पुण्यातल्या प्रत्येक कॉलेजात तिच्या दंतकथा असतात, आमच्याकडेही आहेत. सीनिअर चहा पिताना हमखास २०२२ ची गोष्ट काढतात, परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नव्हता ती. मग सगळे गप्प होतात आणि दिग्दर्शक म्हणतो, "चला, टॉपपासून."

वर्गातले बाक भिंतीला लावायचे, फरशीवर खडूने भारत नाट्य मंदिरच्या स्टेजचं माप आखायचं, ओल्या छत्र्या जिथे टाकल्या तिथे विंग समजायची. ऑगस्ट आहे, त्यामुळे अर्धी मंडळी शिंकत वाक्यं म्हणतात.

मंगळवार

नाटक असं: तालुक्याच्या गावातलं दुय्यम निबंधक कार्यालय. दोन भाऊ थोरल्या बहिणीला, आक्काला, हक्कसोडपत्रावर (वडिलोपार्जित मालमत्तेतला हिस्सा सोडल्याचा दस्त) सही करायला घेऊन आलेत. सर्व्हर डाऊन आहे, म्हणून सगळे बाहेर बाकावर बसून राहतात. दस्त लिहिणारा एक इसम मधेमधे येऊन विनोद करतो (सगळे लाफ्टर त्याचे, तो आत्तापासूनच हवेत आहे). शेवटी आक्का उभी राहते आणि दोन पानांचं स्वगत बोलते. लेखक आमच्याच तिसऱ्या वर्षाचा, बार्शीकडचा.

प्रॉम्प्टिंगमधली खरी मेख वाक्य सांगण्यात नाही, वाक्य कधी सांगायचं नाही हे कळण्यात आहे. नट थांबला की तो पॉज आहे की वाक्य गेलंय? घाई केली तर पॉज मारला जातो, उशीर केला तर नट. आता मला चेहरे कळायला लागलेत. थोरला विसरला की आवाज वाढवतो. धाकटा विसरला की खिशात हात घालतो. दस्तवाला विसरतच नाही, नवीन वाक्य तयार करतो. आणि आक्का करणारी पॉज घेते तेव्हा तिचा श्वास चालू असतो, विसरते तेव्हा श्वासही थांबतो.

आज तिचा श्वास स्वगतात तीनदा एकाच ठिकाणी थांबला.

बुधवार

ते वाक्य असं आहे: "महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलींना मुलाइतका हिस्सा दिला, देशानं २००५ साली दिला, मग माझा हिस्सा कुठं गेला रे दादा?"

कधी १९९५ म्हणते, कधी आधी देश मग महाराष्ट्र. दिग्दर्शकानं तिला पाठांतरावरून झापलं. ती म्हणाली, बाकी चाळीस मिनिटं तोंडपाठ आहेत, हेच का जातं? मला तिचं पटलं. संहितेच्या समासात कोण कुठे अडलं याच्या मी पेन्सिलनं खुणा करते, आणि त्या सगळीकडे पसरलेल्या नाहीत, ठरावीक जागी ढीग आहे. थोरल्याचं "आई गेली तेव्हापासून" रोज बिनचूक येतं. त्याचंच "आपली कृषिसंस्कृती" रोज अडखळतं. कुठला शेतकरी भाऊ बाकावर बसून कृषिसंस्कृती म्हणेल?

खुणा लेखकाला दाखवल्या. तो बराच वेळ पान बघत राहिला आणि म्हणाला, "पण तिथेच टाळी आहे."

हे त्याचं चूक नाही. स्पर्धेच्या एकांकिकेत शेवटाकडे एक भाषण असतंच. स्पॉट पडतो, खाली बासरी सुरू होते, आणि जे पात्र पाऊण तास साधं बोलत होतं ते अचानक अग्रलेख बोलायला लागतं. आपणही टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्यात.

रात्री आईला फोन केला तेव्हा नाटकाचा विषय सांगितला. आईनं मामाच्या नावे हक्कसोड केलेलं मला माहीत होतं, पण ते कसं झालं हे मी कधी विचारलंच नव्हतं. तिथे तू काय बोललीस, असं विचारलं.

"बोलायचं काय त्यात? गर्दी असती. दोनशे रुपयांचा स्टँप होता. फोटोला वर बघा म्हणाले, वर बघितलं. अंगठा लावा म्हणाले, लावला. मला कॅमेऱ्यात पदर नीट दिसतोय का एवढंच डोक्यात. मग मामानं हॉटेलात जेवायला नेलं, साडी घेतली. हिरवी नको म्हणाले मी, हिरव्या दोन होत्या."

मग थोडं थांबून, "सही केली म्हणून तर येणंजाणं राहिलं."

गुरुवार

तालमीआधी लॉ कॉलेजच्या मैत्रिणीनं वेगळाच बॉम्ब टाकला. १९९४ ची महाराष्ट्राची वारसा कायद्यातली दुरुस्ती त्याआधी लग्न झालेल्या मुलींना लागूच नव्हती. आमची आक्का पंचावन्नची, संहितेतच तिचं लग्न सत्त्याऐंशी सालचं दाखवलंय. म्हणजे ज्या कायद्याच्या नावानं ती भावाला जाब विचारते, त्यात ती बसतच नव्हती. तिला दार उघडलं ते २००५ साली. लेखकानं कपाळावर हात मारला. आक्का करणारी मात्र हसत सुटली: "बघा! माझ्या डोक्याला कळत होतं!"

मी आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. पदर, कॅमेरा, हिरवी साडी. कुणी काही बोललं नाही, दस्तवाल्यानंसुद्धा. दिग्दर्शकानं माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि दोन्ही पानांवर आडवी रेघ मारली.

मग भांडण झालं, आणि ते मोठं झालं. स्वगत गेलं म्हणजे अभिनयाचं बक्षीस गेलं, असं आक्का करणारीचं म्हणणं, आणि व्यवहार म्हणून ते शंभर टक्के बरोबर आहे. दोन पानं पाठ करणं दिसतं, पदर सारखा करणं परीक्षकाला आठव्या रांगेतून दिसेलच याची खात्री काय? लेखक म्हणाला, बाई काही न बोलता सही करते हे दाखवून आपण भावांचीच बाजू घेतोय. यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. आई भावांची बाजू घेत होती का? तिचा आवाज तसा नव्हता. पण तसा नव्हता म्हणजे कसा होता, हे मला दिग्दर्शकाला सांगता येईना.

शुक्रवार

कॉस्च्यूम, प्रॉपर्टी. स्टँपपेपरसारखा कागद छापून आणला तो गुलाबी निघाला. बाकी काही नाही.

शनिवार

नव्या शेवटासह पहिला रन थ्रू. सर्व्हर सुरू होतो, आतून नाव पुकारतात, आक्का आत जाते. "वर बघा." ती वर बघते, म्हणजे सरळ प्रेक्षकांत. पदर सारखा करते. आणि इथे तिनं स्वतःहून एक गोष्ट केली: पदर सारखा करता करता भावांकडे वळून विचारलं, "बरी दिसते ना?" थोरल्यानं मान डोलावली. हे वाक्य संहितेत नाही. दिग्दर्शकानं मला खुणेनं सांगितलं, लिहून घे.

अडचण आता वेगळीच आहे. ती सही करत असताना भावांनी करायचं काय? आधी स्वगत ऐकत माना खाली घालून उभं राहिलं की भागत होतं. आता धाकट्याचा हात सारखा खिशात जातो, आणि त्याला प्रॉम्प्ट करायला माझ्याकडे वाक्यच नाही. दिग्दर्शक म्हणाला, जाऊ दे, खिशातून पाकीट काढ आणि नोटा मोज, जेवणाचे. धाकट्यानं मोजल्या. थोरल्यानं हळूच त्याच्या नोटांकडे बघितलं. बार्शीकर लेखक पहिल्यांदा म्हणाला, "हां. असंच असतं."

जीआर, म्हणजे ग्रँड रिहर्सल, सोमवारी. शेवट तीन मिनिटांनी आटोपशीर झालाय, म्हणून दस्तवाला त्याचे कापलेले दोन विनोद परत मागतोय. मिळणार नाहीत.

आईचा फोन आला होता. प्रयोगाला येते म्हणाली. मग विचारलं, "मामाला आणू का? हडपसरलाच तर आहे तो." मी हो म्हणाले. नाटक कशावर आहे हे त्याला सांगितलंस का, असं विचारलं तर म्हणाली, "सांगायचं कशाला, बघंल की." दोन तिकिटं सांगून ठेवली आहेत.