आठवड्याचा पाऊस-तक्ता आपोआप मेलवर: इथपर्यंत आलोय

आपापल्या ठिकाणी पाऊस मोजून आकडे एकत्र करणाऱ्या आपल्या गटासाठी ही पुढची नोंद. आठवड्याचा तक्ता भरून झाला की त्याची पीडीएफ आपोआप संकलनाच्या मेलवर जावी, हे काम आता चालू झालं आहे. चिपळूणचा, मुळशीचा आणि आटपाडीचा तक्ता कुणी हाताने न पाठवता येऊ लागला आहे. काय बसवलं आणि वेळ कुठे गेला ते लिहितो. तुमच्या गटात हेच करायचं असेल तर पुन्हा पहिल्यापासून खणायला नको.

मांडणी अशी: गूगल शीट्सची एकच फाइल, प्रत्येक ठिकाणाला एक पान. पानावर सात ओळी, गुरुवार ते बुधवार. हवामान खात्याचे साप्ताहिक आकडे गुरुवार ते बुधवार असेच असतात. आपले सोमवार ते रविवार ठेवले तर तुलना करायची सोयच राहत नाही. मोजायची वेळ सकाळी साडेआठ, आणि तेव्हा मोजलेला पाऊस मागच्या चोवीस तासांचा असला तरी तारीख मोजली त्या दिवसाची. नव्या माणसाला हे दर वेळी समजावावं लागतं, म्हणून आता तक्त्याच्या डोक्यावरच छापून टाकलंय.

मेल पाठवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. ॲप्स स्क्रिप्टमध्ये (शीट्ससाठी छोटे प्रोग्राम लिहायची गूगलची सोय) मेलॲपच्या सेंडईमेल या आज्ञेला पत्ता, विषय, मजकूर आणि जोडायची फाइल दिली की काम झालं. डोकं खाल्लं ते ‘तक्ता पूर्ण भरला’ हे स्क्रिप्टला कसं कळणार, या प्रश्नाने.

सातही सेल भरल्या म्हणजे पूर्ण, असं कुणीही म्हणेल. पण रिकामी सेल म्हणजे नक्की काय? पाऊस पडला नाही, की मोजणारा गावाला गेला होता? माणूस बघून विचारेल, स्क्रिप्ट विचारत नाही. उलट जावास्क्रिप्टची, म्हणजे ही स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहितात तिची, खोड अशी, की रिकाम्या सेलचा मजकूर नंबरमध्ये बदलायला दिला की उत्तर ० येतं. म्हणजे न मोजलेला दिवस गुपचूप कोरडा दिवस होऊन बेरजेत बसतो, आणि पुढे कुणालाही पत्ता लागत नाही. आटपाडीसारख्या ठिकाणी, जिथे पावसाचे दिवसच बोटावर मोजण्याइतके, तिथे अशी दोन ‘शून्यं’ अख्ख्या महिन्याचं चित्र बदलतात. हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस. असा एखादा दिवस हरवला की संपलंच.

म्हणून रिकामं ठेवायची मुभाच काढून टाकली. प्रत्येक सेलमध्ये आकडा हवा, नाहीतर तीनपैकी एक शब्द. ‘अल्प’ म्हणजे पर्जन्यमापकाचा तळ ओला झाला, पण ०.१ मिमी इतकंही भरलं नाही. ‘नाही’ म्हणजे मोजलं नाही. ‘एकत्र’ म्हणजे आजचं पाणी उद्याच्या मापात धरलंय. हा ‘एकत्र’ चिपळूणच्या काकांमुळे आला. रात्रभर धो धो कोसळत असताना साडेआठला मागच्या अंगणात जाणं त्यांना दर वेळी जमत नाही, आणि दोन दिवसांचं पाणी एका तारखेवर टाकून मोकळं होणं त्यांच्या मनाला पटत नाही. बरोबरच आहे त्यांचं. बेरजेला फरक पडत नाही, पण एका दिवसाचा उच्चांक मात्र खोटा ठरतो.

दुसरा गोंधळ मिलिलिटरचा. आमची बहुतेक पर्जन्यमापकं २०० चौरस सेंटिमीटर तोंडाची आहेत, त्यामुळे १ मिमी पाऊस म्हणजे २० मिलि पाणी. दोघांकडे १०० चौरस सेंटिमीटरची आहेत, तिथे १ मिमी म्हणजे १० मिलि. मोजपात्र सगळ्यांकडे मिलिलिटरचं. सकाळच्या घाईत कुणी भागाकार करतं, कुणी करत नाही, आणि १२ मिमीच्या जागी २४० येऊन बसतात. आता तक्त्यात फक्त मिलि भरायचे. पानाच्या वरच्या सेलमध्ये त्या मापकाच्या तोंडाचं क्षेत्रफळ लिहिलेलं आहे, त्यावरून मिमी सूत्राने निघतात. मिमीचा रकाना कुलूपबंद ठेवलाय.

जास्तीत जास्त किती आकडा चालवून घ्यायचा, यावर गटात बरीच चर्चा झाली. ५०० मिमीच्या वरचं सरळ नाकारावं, असं बऱ्याच जणांचं मत होतं. मी विरोधात होतो. २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४.२ मिमी नोंदला गेला आणि त्याच वेळात कुलाब्याला ७३.४. मुंबईतला हा आकडा जी स्क्रिप्ट ‘अशक्य’ म्हणून परत पाठवेल, ती काय कामाची? आपण इतक्या जवळजवळच्या ठिकाणी मापकं लावून बसतो ते याच फरकासाठी. त्यामुळे नाकारणं नाही, फक्त विचारणं. तेही सरसकट एका आकड्यावर नाही, तर ज्याच्या त्याच्या बाटलीवरून. २०० चौरस सेंटिमीटरच्या मापकाखाली ४ लिटरची बाटली असेल तर ती २०० मिमीला काठोकाठ भरते. तिथे त्याच्या आसपासचा आकडा आला की शेजारच्या सेलमध्ये प्रश्न उमटतो: ‘बाटली ओसंडली का?’ उत्तर लिहिल्याशिवाय तक्ता पूर्ण धरला जात नाही.

आता पाठवायचं कसं. पहिला विचार बटणाचा असतो: शीटवर एक चौकोन काढायचा, त्याला स्क्रिप्ट जोडायची. संगणकावर झकास चालतं. पण शीट्सच्या मोबाइल ॲपमध्ये त्या चौकोनावर कितीही बोट आपटलं तरी काही होत नाही, आणि वरच्या पट्टीत स्वतः बनवलेला मेनूही तिथे दिसत नाही. आमच्यातले जवळपास सगळे मापकाशेजारी उभं राहून फोनवरच भरतात. त्यामुळे बटण बाद. त्याऐवजी सेलमध्ये टिक करायची चौकट ठेवली, ‘तक्ता पूर्ण, पाठवा’. टिक केली की शीट संपादित झाली असं धरून ट्रिगर (ठरलेली गोष्ट घडली की स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) सुटतो, मग फोन असो की संगणक.

इथे एक खाचखळगा आहे. ऑनएडिट नावाचं फंक्शन लिहिलं की ते आपोआप चालतं खरं, पण तो साधा ट्रिगर. त्याला परवानगी लागणारी कामं करता येत नाहीत, आणि मेल पाठवणं हे तसलंच काम. स्क्रिप्टच्या ट्रिगर विभागात जाऊन वेगळा ट्रिगर बसवावा लागतो, आणि फंक्शनला ऑनएडिट सोडून दुसरं नाव द्यावं, नाहीतर ते दोनदा चालतं. बसवलेला ट्रिगर ज्याने बसवला त्याच्या खात्यावरून चालतो. याचा मोठाच फायदा झाला. परवानग्यांची ती घाबरवणारी खिडकी फक्त मला दिसली. बाकी कुणाला काही मंजूर करावं लागलं नाही. तोटा असा की सगळे मेल माझ्या पत्त्यावरून जातात, म्हणून विषयात ठिकाणाचं नाव आणि बुधवारची तारीख सुरुवातीलाच घातली. आठवड्यात कुठल्याही दिवशी ६४.५ मिमी किंवा जास्त झाला असेल तर पुढे ‘मुसळधार’ हा शब्दही येतो, ११५.६ पासून ‘अतिमुसळधार’, २०४.५ पासून ‘अत्यंत मुसळधार’. हवामान खात्याचीच वर्गवारी.

मेल पाठवायला जीमेलॲप हीदेखील सोय आहे, पण ती न वापरता मेलॲप वापरायला एक कारण आहे: जीमेलॲप संपूर्ण मेलपेटीची परवानगी मागतं, मेलॲप फक्त पाठवण्याची. साध्या खात्यावर दिवसाला १०० जणांना मेल जाऊ शकतो, आणि मोजणी मेलची नाही, पत्त्यांची होते. आम्हाला तेवढं रगड आहे. तुमचा गट मोठा असेल तर प्रत्येक तक्ता दहा जणांना पाठवण्याचा मोह आवरा.

पीडीएफबद्दल थोडक्यात. अख्ख्या फाइलची पीडीएफ करणं एका ओळीचं काम आहे, पण त्यात सगळ्यांची पानं येतात. एकच पान हवं असेल तर फाइलच्या निर्यात दुव्याला त्या पानाचा जीआयडी (ओळख क्रमांक), ए४ आकार, आडवी मांडणी, रुंदीत बसवणं आणि रेघा बंद हे सगळं जोडून तो दुवा स्क्रिप्टमधूनच टोकनसह (परवानगी असल्याची खूण) मागवायचा. त्याआधी स्प्रेडशीटॲपचं फ्लश, म्हणजे राहिलेले बदल लगेच लागू करणारी आज्ञा, चालवायला विसरू नका. नाहीतर सूत्रांचे ताजे आकडे पीडीएफमध्ये येतीलच याची खात्री नाही. अक्षरांसाठी मुक्ता फाँट लावलाय, लहान आकारातही जोडाक्षरं नीट वाचता येतात.

मेल गेला की स्क्रिप्ट टिक काढते, ‘पाठवलं’ या सेलमध्ये वेळ लिहिते आणि पान संपादनासाठी बंद करते. स्क्रिप्टने सेल बदलली तर ट्रिगर पुन्हा सुटत नाही, त्यामुळे चक्र लागायची भीती नाही. बुधवारी सकाळी दोघांनी एकदमच टिक केली तर? ॲप्स स्क्रिप्टमधली लॉकसर्व्हिस ही सोय एकाला क्षणभर थांबवून ठेवते. तक्ता अपुरा असेल तर मेल जात नाही, टिक निघते आणि कुठली ओळ राहिली ते लाल अक्षरात येतं. मुळशीच्या ताईंनी यावर ‘शाळेतल्या बाईंसारखं दटावतंय’ असा शेरा मारला, म्हणून भाषा जरा मऊ केली: ‘शनिवारचा आकडा भरायचा राहिलाय.’

एक्सेलवर हेच जमेल का, असं एकाने विचारलंय. जुन्या आउटलुकसोबत मॅक्रोने जमतं, पण नव्या आउटलुकमध्ये ते मॅक्रो चालत नाहीत, आणि फोनवर तर प्रश्नच नाही. मी त्या वाटेला जाणार नाही.

सध्या हातात आहे तो देवनागरी आकड्यांचा भाग. काही जणांच्या फोनवर मराठी कीबोर्ड असतो आणि ते २४० असंच टाकतात. जावास्क्रिप्टला हा आकडा वाटतच नाही, त्यामुळे तपासणी अडते. ट्रिगरमध्येच आधी ० ते ९ ही दहा चिन्हं इंग्रजी आकड्यांत बदलून घेणारी ओळ लिहिली आहे. दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम टाकणाऱ्यांचंही त्यातच बघतो. त्यानंतर बुधवारी दुपारपर्यंत टिक न करणाऱ्यांना आठवणीचा मेल. वेळेवरचा ट्रिगर सांगितलेल्या तासात कधीही सुटतो, ठरल्या मिनिटाला नाही, पण आठवणीसाठी तेवढं चालेल. ‘एकत्र’ आठवड्याच्या सीमेवर आला, म्हणजे बुधवारचं पाणी गुरुवारी मोजलं, तर ते कुठल्या आठवड्यात धरायचं हे गटात ठरायचं आहे. माझं मत: दोन्ही तक्त्यांवर शेरा, बेरीज गुरुवारच्या आठवड्यात. तुमच्याकडे वेगळी पद्धत असेल तर कळवा, तोवर तो भाग स्क्रिप्टमध्ये घालत नाही.