पहिल्या आठ डावांनंतर

सुनील गावसकर, 1971, वेस्ट इंडीज दौरा: 8 डाव, 774 धावा, सरासरी 154.80 (सरासरी म्हणजे धावा भागिले बाद झालेले डाव). विनोद कांबळी, 1993, इंग्लंड, झिम्बाब्वे आणि श्रीलंकेविरुद्ध: 8 डाव, 793 धावा, सरासरी 113.29. दोघेही मुंबईचे. हे आकडे क्रिकेटवेड्या मराठी माणसाला तोंडपाठ असतात.

त्यानंतरचे आकडे मात्र कुणी शेजारी शेजारी ठेवत नाही. गावसकरांच्या पुढच्या 16 कसोटी डावांत 368 धावा आहेत, सरासरी 24.53. कांबळीच्या पुढच्या 13 डावांत 291, सरासरी 22.38. घसरण जवळपास तेवढीच! तरी एकाने 34 शतकं आणि 10,122 धावा केल्या, तर दुसऱ्याचं कसोटी क्रिकेट नोव्हेंबर 1995 मध्ये कटकला, वयाच्या 23 व्या वर्षी संपलं.

म्हणून “सुरुवात चांगली झाली, पण सातत्य राहिलं नाही” हे वाक्य मला अर्धवट वाटतं. सातत्य कुणाचंच राहत नाही. पहिल्या मोसमानंतर सरासरी खाली येणारच, कारण आठ डाव हा फार छोटा हिशेब आहे. त्यात एखादा सुटलेला झेल, स्लिपच्या डोक्यावरून गेलेली एखादी कड किंवा दोन पाटा खेळपट्ट्या सरासरी पन्नासने फुगवू शकतात. दुसरं कारण म्हणजे समोरचा संघ तुम्हाला वाचतो. आता चित्रफितींचं विश्लेषण करणारी माणसं प्रत्येक संघाबरोबर असतात, त्यामुळे हे वाचन मालिकेच्या मध्यावरच पूर्ण होतं. आधी तुमचा आवडता फटका बंद करतात. कट (ऑफ बाजूला आडव्या बॅटने मारलेला फटका) आवडत असेल तर चेंडूची रेषा आत आणतात आणि पॉइंटचा क्षेत्ररक्षक मागे नेतात. धावा आटल्या की फलंदाज अस्वस्थ होतो आणि जो चेंडू कालपर्यंत सोडत होता त्याला बॅट लावायला जातो. विकेट त्या चेंडूवर जाते, पण सापळा दहा षटकं आधी लावलेला असतो.

कांबळीच्या बाबतीत 1994-95 ची वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका पाहा: 40, 0, 0, 6, 18, 0. समोर कोर्टनी वॉल्श आणि केनी बेंजामिन होते. आधीच्या वर्षातली त्याची शतकं वानखेडे, दिल्ली आणि कोलंबोत आली होती, बरीचशी फिरकीसमोर. पुढे सरसावून फिरकीपटूला उचलून मारण्यात त्याच्याइतका देखणा डावखुरा क्वचितच झाला असेल. पण बरगड्यांवर येणारा चेंडू, त्यानंतर पुन्हा तसाच चेंडू, आणि मग पाय मागे अडकले असताना ऑफ स्टंपवर पुढे टाकलेला चेंडू, हा क्रम त्याला सुटला नाही. उसळता चेंडू ही तेव्हापासून त्याची दुखरी बाजू मानली गेली.

ही दुरुस्ती अशक्य नव्हती. तिला वेळ लागतो, आणि माझ्या मते तो त्याला मिळाला नाही. त्याच काळात एकदिवसीय सामने सतत चालू होते (त्याने एकूण 104 खेळले). तिथे थोडी जागा करून मारलं तरी धावा होतात, म्हणून दोष झाकला जातो. गावसकरांच्या वाट्याला उलट परिस्थिती आली. ऑगस्ट 1971 ते डिसेंबर 1972 भारत एकही कसोटी खेळला नाही, आणि 1973 च्या फेब्रुवारीनंतर पुन्हा थेट जून 1974. निवड समितीनेही त्या 16 डावांत त्यांना वगळलं नाही. मग ओल्ड ट्रॅफर्डवर 101 आणि 58 आले. गारठा होता, चेंडू हलत होता, समोर विलिस, ओल्ड, हेंड्रिक आणि अंडरवूड. पहिल्या मालिकेतल्या चौथ्या शतकानंतरचं हे पाचवं शतक यायला तीन वर्षं लागली.

आता कामाचं. घसरण सुरू झाली की बहुतेक फलंदाज धावांकडे बघतात. बघायचं असतं बाद होण्याकडे. शेवटच्या 15 ते 20 वेळा ज्या चेंडूंवर बाद झालात ते एका वहीत उतरवा. गोलंदाज कोणत्या हाताचा, कोणत्या बाजूने टाकत होता, टप्पा, रेषा, आपण पुढे होतो की मागे, तोवर किती चेंडू खेळलो होतो, आणि आधीचे सहा चेंडू कसे गेले होते. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कुणी भरत नाही. वीसपैकी सात-आठ नोंदी एकाच प्रकारच्या निघाल्या तर दोष आहे असं समजा. सगळ्या विखुरलेल्या असतील तर तंत्राला हात लावू नका, फक्त खेळत राहा. नसलेला दोष दुरुस्त करायला जाऊन बिघडलेले फलंदाज कमी नाहीत.

दोष सापडला तर तो जागेचा की हातांचा हे ठरवावं लागतं. गार्ड (स्टंपसमोर उभं राहण्याची जागा) बदलणं, क्रीझबाहेर उभं राहणं, स्टान्स (उभं राहण्याची ढब) थोडा रुंद करणं हे जागेचे बदल. ते मालिका चालू असतानाही जमतात. क्रीझच्या अर्धा-पाऊण मीटर पुढे उभं राहिलं की स्विंगला वळायला अंतर कमी मिळतं आणि पायचीत देताना पंच कचरतो. बदल्यात उसळत्या चेंडूसाठी वेळ कमी उरतो, ती किंमत आधीच मान्य करायची. हातांचे बदल, म्हणजे पकड, बॅकलिफ्ट (बॅट मागे उचलण्याची पद्धत), बॅटचा मार्ग, हे मालिकेच्या मध्यात कधीच करू नयेत. त्यांना सामन्यांविना सहा ते आठ आठवडे हवेत. नवी सवय नेटमध्ये दहा दिवसांत दिसू लागते, पण 140 च्या वेगाचा चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो, आणि तेवढ्या वेळात शरीर जुनीच सवय बाहेर काढतं.

पृथ्वी शॉचं उदाहरण इथे ताजं आहे. 2018 मध्ये राजकोटला पदार्पणात 134, त्या मालिकेत 237 धावा, मालिकावीर. डिसेंबर 2020 मध्ये अ‍ॅडलेडला स्टार्कच्या दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर त्रिफळाचीत, दुसऱ्या डावात कमिन्सच्या चेंडूवर 4 वर त्रिफळाचीत. दोन्ही वेळा चेंडू बॅट आणि पॅडच्या फटीतून गेला. बॅट गलीकडून (स्लिपच्या शेजारच्या क्षेत्ररक्षकाच्या दिशेने) खाली येते आणि पुढचा पाय चेंडूपर्यंत जात नाही, मग ही फट पडणारच. त्याच मोसमात पुढे त्याने विजय हजारे करंडकात, म्हणजे पन्नास षटकांच्या देशांतर्गत स्पर्धेत, 827 धावा केल्या. पण ते पांढऱ्या चेंडूचं क्रिकेट. लाल चेंडू हवेत आणि खेळपट्टीवर जास्त काळ हलतो, त्यामुळे फट बुजली की नाही हे 827 धावा सांगू शकत नाहीत. पदार्पणानंतर घसरलेल्या फलंदाजाने पन्नास षटकांच्या धावांवर परत येण्याची आशा धरू नये. चार दिवसांच्या सामन्यात सकाळच्या सत्रात नव्या चेंडूसमोर किती वेळ टिकलो हे मोजावं.

फट बुजवायचा सराव साधा आहे. मागच्या पायाच्या मागे, ऑफ स्टंपच्या बाहेर वीतभर अंतरावर एक मोकळा स्टंप रोवा. बॅट गलीकडे गेली तर त्याला लागेल. थ्रोडाउन (हाताने फेकलेले सरावाचे चेंडू) 16 ते 18 यार्डांवरून, रोज 60 चेंडू, त्यातले पहिले 20 फक्त वरच्या हाताने. चेंडू डोळ्यांखाली आल्यावरच खेळायचा. उसळत्या चेंडूसाठी सिमेंटच्या पट्टीवर ओला टेनिस बॉल, 15-16 यार्डांवरून छातीवर. पहिला आठवडा फक्त सोडायचे, हात खाली आणि नजर चेंडूवर. हुक-पुल नंतर. प्रशिक्षक नेमकं उलट करतात, पुल शिकवतात आणि मग चेंडू सोडताना नजर हटते.

परदेशातलं अपयश वेळ देऊन दुरुस्त केल्याचा मोठा दाखला कोहलीचा. 2014 मध्ये इंग्लंडमध्ये 10 डावांत 134 धावा, अँडरसनकडून चार वेळा बाद. परतल्यावर मुंबईत सचिनबरोबर काम, नितंबांची दिशा आणि स्टान्स यांत बदल, पुढे क्रीझबाहेर उभं राहणं. 2018 मध्ये तिथेच 593 धावा, आणि अँडरसनला पाच कसोटींत तो एकदाही मिळाला नाही. ऑस्ट्रेलियाच्या माईक हसीची तऱ्हा वेगळी. त्याने पदार्पणाआधीच प्रथम श्रेणीत 15,313 धावा केल्या होत्या, म्हणजे घसरण आणि सावरणं हे चक्र तो देशांतर्गत क्रिकेटमध्ये अनेकदा जगून आला होता. विशीच्या आत-बाहेर पदार्पण करणाऱ्याकडे ही शिदोरी नसते. म्हणून त्याला अधिक डाव द्यावे लागतात, आणि हे निवड समितीचं काम आहे, फलंदाजाचं नाही.

सध्या मी यशस्वी जैस्वालकडे याच नजरेने पाहतो. नोव्हेंबर 2024, पर्थ: पहिल्या डावात स्टार्कला ड्राइव्ह करायला गेला आणि शून्यावर झेल देऊन परतला. दुसऱ्या डावात त्याच खेळपट्टीवर 297 चेंडूंत 161. धावफलकात शतक दिसतं. मला त्या डावातली सुरुवात जास्त मोलाची वाटते, कारण ज्या ड्राइव्हवर तो आदल्या दिवशी बाद झाला होता तो त्याने चेंडू जुना होईपर्यंत बाजूला ठेवला. कसोटीत कुणी नवा मुलगा दीडशे करून आला की त्याच्या पुढच्या मालिकेत पहिल्या तीस चेंडूंपैकी तो किती सोडतो हे मोजा, आणि मालिका पुढे सरकते तसा हा आकडा कुठे जातो तेही लिहून ठेवा.