कोंडा, नायटा, नखं आणि सुजलेलं बोट

माझ्या सोरायसिसचं, म्हणजे त्वचेवर खपल्यांचे चट्टे उठणाऱ्या आजाराचं, निदान लांबलं, कारण त्याची चार लक्षणं चार वेगवेगळ्या माणसांनी पाहिली. डोक्यातले पापुद्रे पार्लरवाल्या ताईंना कोंडा वाटले. कोपरावरच्या लाल चट्ट्याला मेडिकलमध्ये नायट्याचं मलम मिळालं. नखं जाड होऊन टोकाशी सुटू लागली, तेव्हा बुरशीच्या गोळ्या झाल्या. पुढे उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत टम्म सुजलं, सकाळी मिटेना. मी शिक्षिका आहे, खडू धरवेना. रक्तातला आरए फॅक्टर (संधिवात ओळखायला तपासतात तो घटक) निगेटिव्ह आला आणि 'संधिवात नाही' म्हणून मला घरी पाठवलं.

अखेर साताऱ्याहून पुण्याला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. कोपर पुढे केलं, तर त्या म्हणाल्या, "आधी नखं दाखवा." टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आणि नखाखालचा पिवळट-तांबूस डाग त्यांनी उजेडात धरून पाहिला. मग केसांची कड, कानामागे, बेंबी, माकडहाडाजवळची घडी. तिथेही चट्टा होता. लाजेने तो मी कुणाला दाखवलाच नव्हता. कोपरावरची चंदेरी खपली त्यांनी हलकेच खरवडली, तर खाली रक्ताचे टिपके उमटले. नख खरवडून तपासलं, बुरशी नव्हती. बायोप्सीला चिमूटभर कातडी घेतली, एक टाका पडला. निदान पक्कं झालं.

त्यांनी समजावलं ते असं: कातडीची पेशी तळातून वर येऊन गळायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्तीच चुकीचे इशारे देते आणि हेच काम तीन ते पाच दिवसांत उरकतं. म्हणून थर साचतात. कल घराण्यातून येतो, पण आजार उफाळायला निमित्त लागतं: घशाचा जंतुसंसर्ग, मानसिक ताण, दारू, सिगारेट, लिथियमसारखी काही औषधं. त्वचेला झालेली इजासुद्धा. भाकरी करताना मनगटाला तवा लागला होता, त्याच रेषेवर माझा नवा चट्टा उठला होता! स्पर्शाने हा आजार पसरत नाही, हे त्यांनी माझ्या नवऱ्यालाही आत बोलावून सांगितलं. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

बोटाचं दुखणंही याच आजाराचं. सोरायसिसच्या संधिवातात आरए फॅक्टर बहुधा निगेटिव्हच असतो. नखाजवळचा सांधा धरणं, अख्खं बोट सुजणं ही त्याचीच लक्षणं, आणि दुर्लक्ष झालं तर सांधा कायमचा वाकडा होऊ शकतो. सांधे तपासताना कुणी एकदाही 'अंगावर चट्टे आहेत का?' असं विचारलं नाही, याचा मला आजही राग येतो.

संधिवाततज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं. ही गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरात 'रविवार' लिहून ठेवलंय. सोबत फॉलिक ॲसिड, आणि ठरावीक काळाने रक्ताची व यकृताची तपासणी. झटपट गुण येणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्यांपासून बाईंनी बजावून दूर ठेवलं. त्या एकदम थांबवल्या की आजार पूभरल्या फोडांच्या रूपात उसळू शकतो. काही महिन्यांत मूठ वळू लागली. कोपर निवळलं, डोक्याला मात्र डांबरयुक्त शाम्पू अजून लागतो.

परवा धाकट्या भावाने गुडघ्यावरच्या 'नायट्या'चा फोटो पाठवला. त्याला विचारलं, सकाळी उठल्यावर टाच दुखते का? दुखते म्हणाला. तेही याच संधिवाताचं लक्षण असू शकतं. मलम थांबवून त्याला बाईंची वेळ घ्यायला लावली आहे.