ज्योतीत नेमके काय जळते?

अग्नी घन, द्रव की वायू, असे विचारले की हल्ली पुष्कळ जण ठामपणे ‘प्लाझ्मा’, म्हणजे विद्युत्भारित कणांनी बनलेला वायू, असे उत्तर देतात. निरांजनाच्या किंवा मेणबत्तीच्या ज्योतीपुरते तरी हे उत्तर बरोबर नाही, आणि ते मान्य केले की ज्योतीत प्रत्यक्ष जे चालते ते पाहायचेच राहून जाते, याची मला खंत वाटते.

निरांजनातले थिजलेले तूप ज्योतीच्या उष्णतेने पातळ होते, फुलवातीच्या तंतूंमधून केशाकर्षणाने वर चढते आणि टोकाशी पोचल्यावर इतके तापते की त्याची वाफ होते व त्याचे रेणूही तुटू लागतात. जळते ती ही वाफ. तूप आहे तोवर वात फारशी जळत नाही, याचे कारण हेच. मेणबत्तीवर याची परीक्षा सहज घेता येते. ती विझवल्याबरोबर वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला, वातीपासून थोड्या उंचीवर, पेटती काडी लावली की ज्वाला त्या धुरातून खाली धावते आणि वात पुन्हा पेटते. कारण तो धूर म्हणजे निवून बारीक कणांच्या रूपात दिसू लागलेली मेणाची वाफच असते. ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०च्या नाताळात सुरू केलेल्या व्याख्यानांत मुलांना हा प्रयोग दाखवला होता. कापराला तर वातही लागत नाही, कारण घनरूपातूनच त्याची वाफ होत असते. उघडा ठेवलेला कापूर उडून जातो तो यामुळेच.

ज्योतीचा पिवळा उजेड मात्र वायूचा नव्हे. आतल्या भागात प्राणवायू पुरेसा पोचत नाही, म्हणून तुटलेल्या रेणूंतला कार्बन एकत्र येऊन त्याचे अतिसूक्ष्म घन कण बनतात, हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापून ते तेजाळतात आणि ज्योतीच्या कडेला प्राणवायू मिळताच बहुतेक जळून जातात. काजळ धरताना दिव्यावर तांब्याची ताटली धरतात, तेव्हा हेच कण जळण्यापूर्वी निवतात आणि ताटलीला चिकटतात.

ज्योतीत थोडे विद्युत्भारित कण असतात, हे खरे. पण त्यांचे प्रमाण इतके अल्प असते की विजेच्या लोळाला किंवा सूर्याला प्लाझ्मा म्हणावे त्या अर्थाने ज्योतीला तसे म्हणता येत नाही.

तिचा निमुळता आकारसुद्धा तापलेली हवा हलकी होऊन वर जाते म्हणून आहे. १९९२ साली अमेरिकी अंतराळयानात मेणबत्ती पेटवून पाहिली, तेव्हा ज्योत जवळजवळ अर्धगोलाकार आणि फिकट निळी झाली. तेथील भारहीन अवस्थेत तापलेली हवा वर जात नाही आणि प्राणवायू केवळ विसरणाने, म्हणजे रेणू आपोआप हळूहळू पसरत गेल्याने, येतो, त्यामुळे ज्वलन मंदावते, तापमान उतरते आणि पिवळा उजेड देणारी काजळी फारशी तयारच होत नाही.